त्वचेची निगा : पार्लर की दवाखाना?

वाशी-नेरूळ भागात ‘स्किन क्लिनिक’च्या पाट्या बऱ्याच दिसतात. त्या पाहून अनेक मुलामुलींना या व्यवसायात यावेसे वाटते. मात्र त्वचारोगतज्ज्ञ आणि सौंदर्यतज्ज्ञ यांच्या वाटा वेगळ्या आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे.

त्वचारोगतज्ज्ञ होण्यासाठी बारावीनंतर ‘नीट’ परीक्षा देऊन एम.बी.बी.एस. करावे लागते. साडेचार वर्षे अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप आणि पुढे पुन्हा प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांचे एम.डी. नवी मुंबईत नेरूळचे डी. वाय. पाटील व कामोठ्याचे एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्वचारोगाच्या एम.डी.त गुप्तरोग आणि कुष्ठरोगही शिकवले जातात.

एवढी वर्षे देणे शक्य नसल्यास दहावीनंतर आय.टी.आय.चा एक वर्षाचा कॉस्मेटॉलॉजी अभ्यासक्रम करता येतो. हाही मानाचा रोजगार आहे. पण त्यात औषध देण्याचा अधिकार मिळत नाही. गोरेपणासाठी स्टेरॉइडचे मलम चोळत राहिल्यास त्वचा पातळ होते, मुरुमे व लव वाढते. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास केंद्र सरकारने २०१८ साली मनाई केली.

गिऱ्हाइकाच्या अंगावर फिकट चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावर लेप न लावता डॉक्टरांकडे पाठवावे. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते, रोग बरा होतो आणि वेळेवर उपचार झाल्यास अपंगत्व टळते.

कोणत्याही खाजगी वर्गाची फी भरण्यापूर्वी पालकांनी एवढेच विचारावे : या प्रमाणपत्रावर नेमके कोणते काम करता येईल?