करवत सुरू का होत नाही?

वसमत परिसरात फेब्रुवारी-मार्च म्हणजे हळद शिजवण्याचे दिवस. त्यासाठी जळण लागते, आणि वाळलेली बाभूळ कापायला वर्षभर कोपऱ्यात पडून असलेली पेट्रोलची साखळी-करवत बाहेर निघते. दोरी दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली, तरी इंजिन काही बोलत नाही. मग प्लग बदलला जातो, पुढे कॉइल बदलली जाते. अंदाजाने एकेक भाग बदलत जाणे ही दुरुस्तीची सर्वांत महाग पद्धत होय. खरे तर पाना, पेचकस आणि थोडा विचार एवढ्यावर दोष कोठे आहे ते बहुतेक वेळा कळते. आपण वर्गात शिकवतो तेच पदार्थविज्ञान येथे उपयोगी पडते.

या करवतीत टू-स्ट्रोक इंजिन असते. ते चालण्यास तीन गोष्टी लागतात: योग्य वेळी ठिणगी, हवेत मिसळलेले इंधन आणि त्या मिश्रणावर पुरेसा दाब. तपासणीपूर्वी साखळी काढून ठेवावी, कारण इंजिन अचानक सुरू झाल्यास ती फिरू लागते. बंद करण्याचे बटण 'बंद'वरच राहिलेले नाही ना, हेही पाहावे. हसू नका, पुष्कळ करवती याच कारणाने सुरू होत नाहीत.

आता चार-पाच वेळा दोरी ओढून प्लग काढावा. तो कोरडा असेल तर इंधन पोचत नाही. ओला असेल तर इंधन येते आहे. एक तर ठिणगी नाही किंवा पेट्रोल जास्त झाले आहे. जास्त झाले असेल तर प्लगचे छिद्र जमिनीकडे करून दोरी काही वेळा ओढावी, प्लग पुसून बसवावा आणि चोक न लावता प्रयत्न करावा.

ठिणगी पाहण्याची रीत सर्वांना माहीत आहे: टोपणात बसवलेला प्लग इंजिनच्या धातूला टेकवून दोरी ओढायची. हे सावलीत आणि सांडलेल्या पेट्रोलपासून दूर करावे. मात्र येथे एक फसगत आहे. प्लगच्या टोकांमधील फट सुमारे अर्धा मिलिमीटर असते. उघड्या हवेत ती ओलांडण्यास दोन-अडीच हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये तेच मिश्रण दाबले जाऊन सात-आठ पट दाट होते, आणि विद्युतदाबही जवळपास त्याच प्रमाणात अधिक लागतो. म्हणून बाहेर दिसणारी अशक्त ठिणगी आत उमटेलच असे नाही. चांगला प्लग लावून फरक पडतो का ते पाहावे. न पडल्यास कॉइल आणि चाकावरील चुंबक यांमधील फट तपासावी. ती साधारण पोस्टकार्डाच्या जाडीएवढी असते. चुंबकावर गंज चढला असेल तर पॉलिश कागदाने हलकेच घासावा.

ठिणगी ठीक असेल तर प्लगच्या छिद्रातून पेट्रोलचे दोन-तीन थेंब टाकून, प्लग बसवून दोरी ओढावी. इंजिन क्षणभर धडधडून थांबले, तर ठिणगी आणि दाब दोन्ही कामचलाऊ आहेत, आणि दोष टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या वाटेत आहे. जुन्या करवतींत बहुधा येथेच घोडे अडते. टाकीतील गाळणी तुंबलेली असते, रबरी नळीला चिरा पडलेल्या असतात, किंवा कार्ब्युरेटरमधील पडदा कडक झालेला असतो.

हा पडदा मोठा गमतीचा आहे. मोटारसायकलच्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट इंधनाची पातळी राखतो, परंतु करवत आडवी-तिरपी धरावी लागते, तेथे पातळीला अर्थ राहत नाही. म्हणून तिच्यात लवचीक पडदा असतो. इंजिनने हवा ओढली की पडद्याच्या एका बाजूचा दाब कमी होतो, दुसऱ्या बाजूने वातावरणाचा दाब त्याला ढकलतो, तरफ दबते, सुई उचलली जाते आणि पेट्रोल आत येते. पडदा पापडासारखा कडक झाला की वातावरणाचा दाब त्याला वाकवू शकत नाही. नवा पडदा आणि त्याची जाळी-पट्टी यांचा संच बाजारात मिळतो. जुन्या पडद्यांचा क्रम लक्षात ठेवून ते बदलावेत. बारीक छिद्रांत तार मात्र घालू नये.

पडदा का बिघडतो? एक कारण आपल्या ऊसपट्ट्याशी निगडित आहे. साखर उद्योगातून येणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२५ मध्ये भारताने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल-पाण्याचा थर तळाशी बसतो. नळीची गाळणी तळाशीच असते. इंधनात मिसळलेले वंगण तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, आणि इंजिनला तेल नसलेले पाणी मिळते!

विद्यार्थ्यांना हे दाखवता येईल. १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर पेट्रोल घ्या. बूच लावून हलवा, मधूनमधून बूच सैल करून वाफ जाऊ द्या. थोड्या वेळाने खालचा थर वाढून २० च्या जवळपास आलेला दिसेल. प्रयोग शिक्षकांनी स्वतः, उघड्यावर, विस्तवापासून दूर करावा.

थेंब टाकूनही इंजिन धडधडले नाही, तर दाब तपासावा. दोरीच्या मुठीने करवत उचलून अधांतरी धरावी. ती लटकून राहिली किंवा धक्क्याधक्क्याने हळू उतरली तर दाब बरा आहे. सरळ खाली घसरली तर गेला आहे. सायलेन्सर काढून त्यामागील छिद्रातून दट्ट्या पाहावा. त्यावर उभे ओरखडे असतील तर इंजिन तेलाविना चालले आहे, आणि ते बहुधा वर सांगितलेल्या तळच्या थरामुळे किंवा तेल कमी घातल्यामुळे. ओरखडे नसतील आणि छिद्र काजळीने बुजलेले असेल, तर दट्ट्याने छिद्र झाकेपर्यंत दोरी ओढून लाकडी काडीने ते खरवडावे. ओरखडलेला दट्ट्या व सिलिंडर जोडीनेच बदलावे लागतात. एवढा खर्च अन्य भागही झिजलेल्या करवतीवर करू नये असे माझे मत आहे. मात्र तिची कॉइल, साखळीची पट्टी आणि कार्ब्युरेटर काढून ठेवावेत.