साखर जळते, पण आग का लागत नाही?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "पेशीत ग्लुकोज जळतं म्हणता, मग आपल्याला चटका कसा बसत नाही?" प्रश्न साधा वाटतो, पण आजचा सगळा वेळ त्यालाच द्यावा लागणार आहे.

आधी आकडा बघू. 180 ग्रॅम ग्लुकोज हवेत पूर्ण जाळलं तर सुमारे 680 किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. साडेआठ लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला तेवढी पुरते. पेशीतही शेवटी तेच होतं, म्हणजे ग्लुकोज आणि ऑक्सिजन संपतात, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. हिशेब तोच, पण वाट फार वेगळी.

पहिला टप्पा पेशीद्रवात होतो. त्याला ग्लायकोलिसिस म्हणतात. दहा पायऱ्यांमध्ये सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, त्यांना पायरुव्हेट म्हणायचं. यात पेशी आधी दोन एटीपी खर्च करते आणि चार मिळवते, म्हणजे निव्वळ नफा दोनच. एटीपी हे पेशीचं चलन, सुट्टे पैसे म्हणा ना. ऑक्सिजन इथे लागत नाही. आपल्या लाल रक्तपेशी एवढ्याच कमाईवर जगतात, कारण त्यांच्यात तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, नसतातच.

बाकीच्या बहुतेक पेशींत पायरुव्हेट तंतुकणिकेत शिरतं. तिथे आणि पुढे क्रेब्ज चक्रात त्याचे कार्बन एकेक करून सुटतात आणि आपण ते उच्छ्वासातून बाहेर टाकतो. चक्राच्या पायऱ्या मी आज मोजणार नाही, त्या पाठ करण्यातच अनेकांचा या विषयातला रस संपतो. लक्षात एवढंच ठेवा की इथवरही थेट एटीपी फार थोडं मिळालेलं असतं. खरा माल असतो इलेक्ट्रॉनांच्या रूपात, एनएडीएच नावाच्या वाहकांवर लादलेला. आणि हेही बघा, आपण नाकाने घेतलेला ऑक्सिजन अजून वापरलाच गेलेला नाही! तो कार्बन डायऑक्साइडमध्ये जातो असं आपण धरून चालतो, पण तो जातो पाण्यात, अगदी शेवटच्या पायरीवर.

आता मुख्य गोष्ट. तंतुकणिकेच्या आतल्या पटलावर प्रथिनांची एक साखळी असते. वाहकांवरचे इलेक्ट्रॉन या साखळीत पायरी-पायरीने उतरत जातात आणि शेवटी ऑक्सिजन त्यांना घेतो. प्रत्येक उतारावर थोडी ऊर्जा सुटते. ती एटीपीत कशी जाते? कित्येक वर्षं शास्त्रज्ञ मधला एखादा ऊर्जाभारित रासायनिक पदार्थ शोधत होते. तो सापडला नाही. 1961 साली पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सांगितलं की असा पदार्थ नाहीच. ती ऊर्जा वापरून पेशी पटलाच्या एका बाजूचे प्रोटॉन दुसऱ्या बाजूला उपसते. म्हणजे धरण भरते. मग ते प्रोटॉन परत येतात ते एका फिरत्या प्रथिनातून, आणि त्या फिरण्यावर एटीपी तयार होतं. पुष्कळांना ही कल्पना सुरुवातीला पटली नाही. 1978 साली मिचेल यांना नोबेल मिळालं. आणि ते प्रथिन खरोखर फिरतं, हे 1997 साली जपानी संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं.

एका ग्लुकोजमागे एकूण 30 ते 32 एटीपी मिळतात, आणि त्यातले बहुतेक या धरणावरचे. जुन्या पुस्तकांत 38 लिहिलेलं असे. त्यात पटलाची गळती आणि वाहतुकीचा खर्च धरलेला नव्हता.

हे धरण फुटलं तर काय होतं, ते माणसांनी स्वतःवर अनुभवलेलं आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल, थोडक्यात डीएनपी, नावाची पिवळी पूड हाताळणारे कामगार घामाघूम व्हायचे, वजन उतरायचं, ताप चढायचा आणि काही जण मेले. पुढे 1933 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी तीच वजन कमी करायला वापरून पाहिली. वजन उतरलं! औषध भराभर खपलं. मग मोतीबिंदू आणि मृत्यूंच्या बातम्या आल्या, आणि 1938 सालच्या नव्या कायद्यानंतर ते बाजारातून गेलं.

डीएनपी करतं काय? प्रोटॉन उचलून पटलातून सरळ पलीकडे सोडतं. पाणी टर्बाइनला टाळून निसटावं तसं. ग्लुकोज जळतच राहतं, उलट जास्तच जळतं, कारण एटीपी कमी पडतंय म्हणून पेशी भट्टी वाढवत नेते. पण एटीपी बनत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नातला चटका इथे खरोखर बसतो. शरीराचं तापमान चढत जातं आणि यावर उतारा नाही. सुरक्षित मात्रा आणि जीवघेणी मात्रा यांत अंतर इतकं कमी, की "जपून घेतो" याला काही अर्थ राहत नाही. 2015 साली इंटरपोलला याबद्दल जगभर इशारा द्यावा लागला, कारण 'फॅट बर्नर' म्हणून ही पूड इंटरनेटवर पुन्हा विकली जात होती. जिममध्ये कोणी अशा गोळ्या पुढे केल्या, तर आत काय आहे हे आधी विचारा. उत्तर मिळालं नाही तर घेऊच नका.

एक राहिलं. गळती प्रत्येक वेळी अपघातच असते असं नाही. तान्ह्या बाळाच्या मानेशी आणि खांद्यांच्या मधे तपकिरी चरबी असते. तिच्या तंतुकणिकांत थर्मोजेनिन नावाचं प्रथिन प्रोटॉनांना मुद्दाम वाट करून देतं, म्हणून कुडकुडता येत नसलं तरी बाळ उबदार राहतं. फरक एवढाच की ही वाट थंडी लागल्याचा निरोप मज्जातंतूंकडून आला की उघडते आणि गरज संपली की बंद होते. डीएनपीला असा दरवाजा नाही.

चला, आता प्रश्न घेऊ.