आपली शमी, इथला घाफ



इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकातला डेरेदार ओक वृक्ष तुमच्या ओळखीचा असेल. (आपल्याकडे ओक म्हटले की आधी आडनाव आठवते, ते वेगळे!) खलिफा सिटीतल्या बागेत तो लावता येईल का? कठीण आहे. बहुतेक ओक थंड हिवाळ्याच्या प्रदेशातले. इथे वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तसाच भारदस्त, दीर्घायुषी, पण इथल्या मातीतला वृक्ष म्हणजे घाफ. आणि घाफ म्हणजे आपली शमी!

होय, गणपतीच्या पत्रीतली आणि दसऱ्याला पुजली जाणारी शमी. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रे लपवली ती याच झाडावर. (सोने म्हणून वाटतो तो आपटा, ते झाड निराळे.) राजस्थानात हिला खेजडी म्हणतात आणि तिच्या कोवळ्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी करतात. घाफ हा संयुक्त अरब अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष आहे. २०१९ हे वर्ष इथे ‘सहिष्णुता वर्ष’ म्हणून पाळले गेले, तेव्हा त्याच्या बोधचिन्हावर घाफच होता.

वाळवंटात हे झाड हिरवे कसे राहते? पहिले कारण मूळ. त्याचे सोटमूळ ३० मीटरपर्यंत खोल जाऊ शकते, म्हणजे जवळजवळ दहा मजली इमारत जमिनीत उलटी उभी केल्यासारखे! वरची वाळू भाजत असली तरी खोलवरची ओल त्याला मिळते. दुसरे कारण पाने. चिंचेसारखी बारीक पर्णिका वाऱ्याने लवकर थंड होते. मोठे पान तापून करपते. शिवाय हे झाड शेंगावर्गातले असल्याने मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात.

आता लावायचे कसे? वाळलेल्या शेंगेतले बी कठीण असते. ते पॉलिशपेपरवर हलके घासा आणि रात्रभर पाण्यात भिजवा. उथळ कुंडी नको, उंच पिशवी घ्या. मूळ सरळ खाली जाऊ द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऊन उतरल्यावर, रोप जमिनीत लावा. कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी आणि नळ यांपासून निदान पाच मीटर दूर.

पाण्याचे गणित महत्त्वाचे. रोज थोडे थोडे पाणी दिले तर मुळे वरच्या वीतभर मातीतच पसरतात, आणि जूनमध्ये तोच थर सर्वांत आधी सुकतो. म्हणून पहिला महिना एक दिवसाआड, नंतर आठवड्यातून दोनदा आणि दुसऱ्या वर्षी एकदाच पाणी द्या. पण दर वेळी ते हातभर खोल मुरले पाहिजे. पाण्याच्या शोधात मूळ खाली जाते. पहिली काही वर्षे झाड वर फारसे वाढलेले दिसणार नाही. त्याचे काम खाली चालू असते.

एक सावधगिरी. घाफसारखीच दिसणारी वेडी बाभूळ इथेही खूप आहे. ती भराभर वाढते, पाणी ओढते आणि आजूबाजूची झाडे दडपते. ओळख सोपी आहे: वेडी बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी, बहुधा जोडीने असतात, घाफचे आखूड काटे फांदीवर सुटे विखुरलेले असतात.

शेवटी पालकांच्या मनातला प्रश्न. आपण बहुतेक जण भाड्याच्या घरात राहतो. उद्या बदली झाली तर? खरे आहे, झाड सावली देण्याआधीच कदाचित आपण इथून गेलेले असू, आणि खोल मूळ धरलेले झाड उपटून नेता येत नाही. पण गावाकडच्या ज्या आंब्याखाली आपण खेळलो, तो लावणाऱ्यानेही त्याची सगळी फळे खाल्ली नव्हती. घरमालकांना विचारून लावा. पुढच्या भाडेकरूंची मुले कोणतीही भाषा बोलोत, त्याला घाफ म्हणोत वा शमी, सावली तीच मिळेल.

मुलांसाठी गृहपाठ: या आठवड्यात रस्त्याकडेचा एक घाफ शोधा. काटे सुटे आहेत की जोडीने, ते नीट पाहा आणि फांदीचे चित्र काढून वर्गात आणा. फांदी मात्र तोडू नका!