विश्लेषण : खांदेरीची लढाई नक्की कोणी जिंकली? गजानन मेहेंदळे यांच्यासारखे अभ्यासक लष्करी इतिहास कसा लिहितात?

थळच्या किनाऱ्यावरून समोर दिसणाऱ्या खांदेरीचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, शिवकाळाचे ज्येष्ठ अभ्यासक गजानन भास्कर मेहेंदळे यांचे निधन झाले. किल्ल्याला आता जगाची मान्यता आहे, पण तिथे नक्की काय घडले हे ठरवायचे कसे?

कोण होते मेहेंदळे?

जन्म १९४७ चा. त्यांनी पुणे विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा अभ्यास केला. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी ते ‘तरुण भारत’चे युद्धवार्ताहर होते. पुढची पाच दशके त्यांनी शिवकाळाला दिली, तीही प्राध्यापकीच्या चौकटीबाहेर राहून. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ हीच त्यांची कर्मभूमी. मोडी आणि फारसी कागद ते मुळातून वाचत. ‘श्री राजा शिवछत्रपती’, २०११ चा इंग्रजी चरित्रग्रंथ आणि संतोष शिंत्रे यांच्यासह लिहिलेले ‘शिवछत्रपतींचे आरमार’ ही त्यांची ठळक पुस्तके. उत्तरकालीन बखरींपेक्षा समकालीन कागदाला त्यांनी अधिक वजन दिले.

खांदेरीला काय घडले?

१६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांच्या माणसांनी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबई बंदराच्या तोंडाशीच हे घडत असल्याने इंग्रज अस्वस्थ झाले. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार आणि इंग्रज जहाजे यांची गाठ पडली. ‘डोव्हर’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. मात्र ‘रिव्हेंज’ या फ्रिगेटच्या तोफांपुढे मराठी आरमाराला नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यावी लागली.

म्हणजे इंग्रज जिंकले? त्या दिवसापुरते, हो. पण नाकेबंदी असूनही मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री बेटावर रसद पोहोचवत राहिल्या. मुंबईकर इंग्रजांची पत्रे या तक्रारीने भरलेली आहेत. काम का होत नाही याची सबब सुरतेच्या वरिष्ठांना द्यायची होती, म्हणून ती लिहिली गेली. मराठी आरमाराच्या कौशल्याचा इतका चांगला पुरावा शत्रूच्याच दप्तरात सापडतो! अखेर १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी जहाजे मागे घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. शेजारच्या उंदेरीवर मात्र सिद्दीने ठाण मांडले. लढाई एका दिवसाची, मोहीम काही महिन्यांची. दोन्हींचा हिशेब वेगळा मांडणे हेच लष्करी इतिहासकाराचे काम.

तारखेचा घोळ काय?

इंग्लंडने १७५२ पर्यंत जुनी दिनदर्शिका वापरली. त्यांची १८ ऑक्टोबर ही आजच्या पद्धतीने २८ ऑक्टोबर. तेव्हा रेवदंड्यात असलेले पोर्तुगीज त्याच दिवसाला २८ म्हणत, तर मराठी कागदावर तिथी असे. किरकोळ वाटेल, पण किनाऱ्यावर नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हे गणित इथल्या कोळ्यांना तोंडपाठ असते. दहा दिवसांची चूक झाली तर भरती आठेक तासांनी सरकते. उथळ खडकांतून होडी कधी निघू शकली असती, याचे उत्तरच बदलते.

अलिबागला या लढाईचा स्मृतिदिन पाळायचा झाला, तर १८ की २८, हे आधी ठरवावे लागेल.