टमाटे स्वस्त असताना साठवा, वर्षावासात ताटात ठेवा

वर्षावासात वस्तीवस्तीतील विहारांत ग्रंथवाचन सुरू होते आणि नेमक्या त्याच महिन्यांत टमाटे महागतात. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर किरकोळ भाव किलोला 100 रुपयांच्या वर गेला. काही शहरांत तो 200 पर्यंत पोहोचला. मजुरीवर चालणाऱ्या घरात अशा वेळी पिशवीतून आधी टमाटेच कमी होतात. हिवाळ्यात मात्र आवक वाढते आणि भाव पार खाली येतात. वलगाव असो की अमरावती, साठवणीचे टमाटे घ्यायचे ते तेव्हाच.

टमाटे केवळ चवीसाठी नाहीत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. डाळ आणि पालेभाजीत लोह असते, पण ते शरीरात सहज शोषले जात नाही. टमाटे, लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व त्यासाठी मदत करते. जेवणासोबत घेतलेला चहा मात्र उलटे काम करतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्णही बरेच आहेत; त्यांनी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आधी स्वच्छता

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या 14 दिवसांनी, 20 डिसेंबर 1956 रोजी, गाडगेबाबांनी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी अखेरचा श्वास घेतला. त्यांचा खराटा इथेही विसरू नये. कारण थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते. घाण आत गेली, तर बर्फ वितळताच ती पुन्हा जागी होते.

म्हणून हात, पाटी, सुरी साबणाने धुवा. पिकलेले, लाल, पण घट्ट टमाटे घ्या. फुटलेले, बुरशी लागलेले बाजूला काढा. चांगले टमाटे वाहत्या पाण्यात चोळून धुवा, म्हणजे वरची माती आणि फवारणीचा अंश कमी होतो. मग स्वच्छ कापडाने कोरडे पुसा. खताची पिशवी किंवा औषधाचा डबा कितीही धुतला तरी अन्नासाठी वापरू नका.

गोठवण्याच्या दोन पद्धती

पहिली पद्धत सोपी. देठाकडचा कडक भाग कापून टमाटे अख्खे किंवा फोडी करून ताटलीत सुटे मांडा आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवा. दगडासारखे झाले की जाड पिशवीत भरा आणि हवा दाबून काढा. सुटे गोठवल्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत, हवे तेवढेच काढता येतात. गोठलेला टमाटा नळाखाली धरला की साल आपोआप सुटते.

दुसरी पद्धत रसाची. फोडी शिजवून, घोटून, रस थोडा आटवा. पूर्ण गार झाल्यावर एका भाजीला पुरेल एवढा रस लहान डब्यांत भरा. गोठताना रस फुगतो, म्हणून डबा काठोकाठ भरू नका; काचेची बाटली टाळा. आंबट रस ॲल्युमिनियम, तांबे किंवा पितळेच्या भांड्यात ठेवू नये.

गोठलेला टमाटा वितळला की मऊ पडतो. त्यात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असते आणि बर्फाचे कण त्याचा गर फोडतात. तो कोशिंबिरीला चालत नाही. वरण, रस्सा, चटणीला उत्तम.

आपल्या घरी काय शक्य आहे?

वेगळा डीप फ्रीजर किंवा दोन दारांचा फ्रीज उणे 18 अंश थंडी धरत असेल, तर टमाटे सहा ते आठ महिने चांगले राहतात. हिवाळ्यातला माल पावसाळ्यापर्यंत पुरतो. एका दाराच्या फ्रीजमधला छोटा कप्पा तेवढा थंड नसतो. त्यात थोडेच ठेवा आणि महिनाभरात संपवा.

फ्रीज नसेल तर वऱ्हाडचे ऊन आहेच. पातळ चकत्या करा, थोडे मीठ लावा, स्वच्छ कापडावर पसरा, वरून पातळ सुती कापड झाका. रात्री घरात घ्या. तीन ते पाच दिवसांत कडक वाळल्या, की कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. ओलसरपणा राहिला तर बुरशी येते. तशी बरणी पूर्ण टाकून द्या. वाळवताना क जीवनसत्त्व बरेच कमी होते, म्हणून अशा भाजीवर ताटात लिंबू पिळा.

लाईट गेली तर

फ्रीजचे दार उघडू नका. लाईट आल्यावर टमाट्यात बर्फाचे कण दिसत असतील, तर तो पुन्हा गोठवता येतो. पूर्ण वितळून कोमट झाला असेल, तर परत ठेवू नका. किती वेळ तसा होता हे कळत नसेल किंवा वास बदलला असेल, तर मोह न करता फेकून द्या.

चार-पाच घरांनी मिळून घाऊक बाजारातून एक कॅरेट घेतले, तर माल आणखी स्वस्त पडतो. महिला मंडळाने पुढाकार घ्यावा. निवडणे, धुणे, चिरणे यात घरातल्या पुरुषांनी आणि पोरांनीही बसावे. प्रत्येक डब्यावर तारीख लिहा आणि जुना डबा आधी वापरा.