कच्च्या विषयावर किती जोर लावायचा?
दहावीतल्या लेकरांच्या मायांसाठी



धानाची कापणी, चुरणं सुरू आहे आणि त्यातच पोरांचे सहामाहीचे पेपर तपासून घरी आले आहेत. या महिन्यात बचत गटांच्या बैठकीत एकच विषय वारंवार निघतो. "मॅडम, पोरीले गणितात अठ्ठावीसच भेटले जी. शिकवणी लावू का? गटातून कर्ज भेटेल का?" दुसरी ताई म्हणते, "जे जमतच नाही त्याच्यावर पैसा काहून घालवता? मराठी-इतिहास चांगला आहे, त्याच्यावरच जोर लावू द्या नं."

खरं सांगायचं तर दोघींचंही म्हणणं काही वेळा बरोबर असतं आणि काही वेळा चूक. कर्ज घेण्याआधी आपण गटात विचारतो, पैसा कशासाठी, परत कसा येणार? पोरीच्या अभ्यासाच्या वेळेलाही हाच हिशोब लावायचा. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. हातात तीन-साडेतीन महिने आहेत. ते कुठे लावायचे, हे चार प्रश्नांवरून ठरवता येतं.

पहिला प्रश्न : पास होण्याचा धोका आहे का?

आपला भंडारा जिल्हा दहावीसाठी नागपूर विभागीय मंडळात येतो. राज्य मंडळाची परीक्षा सहा विषयांची, ६०० गुणांची असते. प्रत्येक विषयात ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण शाळेकडून मिळणारे (तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ वगैरे). पास व्हायला ३५ गुण लागतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पुढची गोष्ट फार कमी घरांत माहीत असते. गणित आणि विज्ञान या दोन विषयांचे गुण एकत्र धरले जातात. दोन्ही मिळून २०० पैकी ७० झाले आणि प्रत्येकात किमान २५ असले, तर पोरगी दोन्हींत पास. तीन भाषांचंही तसंच आहे. तिन्ही मिळून ३०० पैकी १०५, आणि प्रत्येकीत किमान २५. म्हणजे गणितात २८ आणि विज्ञानात ४५ पडले, तर बेरीज ७३ होते, पोरगी पास. पण गणितात २३ पडले तर विज्ञानात ९० असूनही अडते.

म्हणून २५ च्या आसपास किंवा खाली असलेला विषय ही घरात शिरलेली पाण्याची गळती समजा. बाकी कितीही चांगलं असलं तरी आधी ती बुजवायची. सहामाहीत ८० पैकी पंधराच्या आत गुण असतील, तर त्या विषयाला रोजचा एक तास द्यायलाच हवा. इथे "जमत नाही तर सोड" हा सल्ला धोक्याचा आहे.

दुसरा प्रश्न : टक्केवारी कुठून वाढणार?

दहावीची टक्केवारी सहा विषयांवर काढत नाहीत. सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरतात, त्याला 'बेस्ट फाइव्ह' म्हणतात. २०१० पासून आपल्या राज्यात ही पद्धत आहे. सर्वांत कमी गुणांचा विषय पास तर व्हावा लागतो, पण टक्केवारीत तो मोजला जात नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा एका मुलीचे गुण असे आहेत : मराठी ७२, सामाजिक शास्त्रे ७०, हिंदी ६८, विज्ञान ५८, इंग्रजी ४६, गणित ३८. वरच्या पाच विषयांची बेरीज ३१४, म्हणजे ६२.८ टक्के.

आता तिने तीन महिने फक्त गणितावर घालवले आणि गणित ३८ वरून ४६ वर नेलं. टक्केवारी किती? तेवढीच, ६२.८. कारण पाचव्या जागेवर आधीही ४६ होते, आताही ४६ च आहेत. तीच मेहनत विज्ञानावर केली आणि ५८ चे ६६ झाले, तर बेरीज ३२२ होते, टक्केवारी ६४.४. तेवढीच इंग्रजीवर केली असती तरी आठ गुण पूर्ण हातात आले असते.

म्हणजे सर्वांत कच्चा विषय पासच्या पुढे सुरक्षित असेल, तर टक्केवारीसाठी त्याच्या वरच्या दोन विषयांकडे बघावं. ज्या बांधीत पाणी ठरत नाही तिथे सगळं खत ओतत नाही आपण. पण ती बांधी पडीकही ठेवत नाही.

तिसरा प्रश्न : पुढे कुठे जायचं आहे?

फक्त टक्क्यांकडे बघूनही चालत नाही. काही विषय पुढच्या वाटेचं फाटक असतात.

इंग्रजी : कला, वाणिज्य, विज्ञान कुठलीही शाखा घ्या, अकरावी-बारावीला इंग्रजी सुटत नाही. जीएनएम नर्सिंगला तर बारावीत इंग्रजी पास लागतं. म्हणून इंग्रजी कच्ची असेल तर ती आज टाळून फायदा नाही, दोन वर्षांनी ती परत समोर येणारच.

गणित : कला शाखेत गणित सक्तीचं नाही. वाणिज्यला ते ऐच्छिक आहे. विज्ञान शाखेतही जीवशास्त्र घेऊन गणित सोडता येतं. पण पॉलिटेक्निकला जायचं असेल, किंवा आयटीआयला इलेक्ट्रिशियन-फिटरसारखा ट्रेड हवा असेल, तर दहावीचं गणित-विज्ञान पक्कं लागतं. शिवणकाम, वेल्डर अशा काही ट्रेडला दहावी नापास मुलांनाही अर्ज करता येतो.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या पुष्कळ पोरी सकाळी रस्त्यावर धावताना दिसतात, पोलीस भरतीसाठी. ती भरती बारावी पासवर होते आणि लेखी परीक्षेत अंकगणित असतं. तिथे वर्गसमीकरण विचारत नाहीत. टक्केवारी, व्याज, सरासरी, काळ-काम-वेग विचारतात. म्हणजे दहावीचं बीजगणित जमलं नाही तरी चालेल एक वेळ, पण पाचवी ते आठवीचं गणित सोडून चालणार नाही.

चौथा प्रश्न : विषय नेमका कुठे कच्चा आहे?

आठवीपर्यंत मूल सहसा वरच्या वर्गात जात राहतं. म्हणून पाचवीत राहिलेली उणीव नववी-दहावीत उघडी पडते, आणि आपल्याला वाटतं पोरगीच ढ आहे. ते तसं नसतं. पाया कुठे सुटला ते शोधायला हवं.

'प्रथम' ही संस्था 'असर' नावाच्या पाहणीत गावोगावी घरी जाऊन मुलांना दोन साध्या गोष्टी करायला सांगते. दुसरीच्या पातळीचा उतारा वाचणं, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. हे तुम्हीही घरी करू शकता. ८७५ भागिले ७ करायला सांगा. मग अर्धा आणि पाव यांची बेरीज. मग २०० चे १५ टक्के. गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या ताईंना हे सहज तपासता येईल. महिन्याला शेकडा दोनने व्याज काढता नं तुम्ही, तेच हे गणित.

इथेच पोरगी अडली तर दहावीच्या शिकवणीत फळ्यावरचं तिच्या डोक्यावरून जाईल आणि पैसे वाया जातील. आधी पंधरा-वीस दिवस पाढे, भागाकार, अपूर्णांक. पाया ठीक असेल आणि फक्त दहावीचं जड जात असेल, तर निवडक धडे घ्यावेत. सध्याच्या पुस्तकात भाग एकमधले सांख्यिकी, संभाव्यता, अर्थनियोजन आणि भाग दोनमधले भौमितिक रचना, पायथागोरसचे प्रमेय हे सरावाने लवकर हाती येणारे धडे आहेत. पासपुरती तयारी करणाऱ्या मुलीने सुरुवात इथून करावी. बालभारतीच्या पुस्तकात धड्यासोबत क्यूआर कोड असतो, मोबाईलने तो उघडून फुकट पाहता येतं.

मग कर्ज काढायचं का?

कर्ज काढण्याआधी तीन गोष्टी करा. शाळेत जाऊन विषयाच्या सरांना किंवा मॅडमना विचारा, "कोणत्या धड्यात अडते?" नुसतं "कशी आहे?" विचाराल तर "ठीक आहे" एवढंच उत्तर मिळेल. दुसरं, गावातली बारावी-पदवी झालेली एखादी पोरगी संध्याकाळी चार-पाच मुलींना शिकवायला तयार आहे का ते ग्रामसंघात विचारा. तिसरं, पोरीचा दिवस मोजा. पाणी, भांडी, लहान भावंडं, कापणीच्या दिवसांत मजुरी, हे सगळं करून रात्री नऊला ती पुस्तक उघडत असेल, तर तिला शिकवणीपेक्षा आधी वेळेची गरज आहे. घरातल्या मुलालाही दोन कामं वाटून द्या. पुढे मार्चमध्ये मोहफुलं वेचायला पहाटे उठवायची वेळ येईल, तेव्हा तिचे पेपर चालू असतील. यंदा तिला त्यातून मोकळं ठेवा.

हे सगळं करूनही शिकवणी लागत असेल, तर अंतर्गत कर्ज जरूर मागा.

आणि एका विषयात गेलीच तर?

हा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण आपल्या गावात पोरगी नापास झाली की शाळा सुटते आणि लग्नाची बोलणी सुरू होतात. एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटी मिळून अकरावीत प्रवेश घेता येतो. निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा होते, तिच्यात राहिलेला विषय काढता येतो. म्हणजे वर्ष वाया जात नाही. एका विषयातल्या गुणांवरून पोरीचं आयुष्य ठरवू नका. आणि अठरा वर्षांच्या आत लग्न कायद्याने गुन्हा आहे, हे पाहुण्यांनाही सांगा.

ज्या तायांची स्वतःची दहावी राहिली आहे, त्यांच्यासाठीही वाट आहे. १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या परीक्षेला बसता येतं. फॉर्मची मुदत आणि अट शाळेत विचारून घ्या.

पुढच्या बैठकीला दहावीतल्या मुलींच्या सहामाहीच्या गुणपत्रिका घेऊन या. सहा विषयांचे आकडे उतरत्या क्रमाने लिहायचे, शेवटच्या आकड्याखाली रेघ मारायची आणि चारही प्रश्न एकेक करून विचारायचे. पोरीलाही सोबत आणा. तिच्या मेहनतीचा हिशोब तिच्यासमोरच व्हायला पाहिजे.