रत्नागिरी पाहावी बंदराच्या वाटेने

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात उतरणाऱ्या अनेक पर्यटकांच्या लेखी रत्नागिरी म्हणजे गणपतीपुळ्याच्या सहलीला जोडून उरकायचे जिल्ह्याचे ठिकाण. थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान आणि रत्नदुर्ग ही तीन स्थळे पाहिली, आंब्याची पेटी किंवा फणसपोळी घेतली, की गाडी पुढे निघते. या धावपळीत राहून जाते ते जुने गाव.

राज्य शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. निवासाची सोय असलेली अशी वाहने किंवा स्वतःची मोटार घेऊन सवडीने भटकणाऱ्यांना या गावासाठी एक अख्खी सकाळ देणे सहज शक्य आहे. मात्र, त्यासाठी गाडीतून उतरावे लागते.

त्याचे कारण गावाच्या रचनेत आहे. आजचा प्रवासी हातखंब्याहून पूर्वेकडून शहरात येतो. कोकण रेल्वेचे स्थानकही त्याच बाजूला, मूळ वस्तीपासून दूर आहे. जुनी रत्नागिरी मात्र समुद्राकडे तोंड करून वसली. सह्याद्रीचे घाट आणि खाड्या यांमुळे खुश्कीचा प्रवास दुष्कर होता. पावसाळ्याचे महिने वगळता मुंबईशी संबंध मुख्यत्वे आगबोटीने येई. त्यामुळे गावाची सुरुवात मांडवीच्या किनाऱ्यापासून होते आणि मारुती मंदिराच्या बाजूने येणारा प्रवासी त्यात मागील दाराने शिरतो.

बंदराकडून चालू लागले, की राम आळी, गोखले नाका, धनजी नाका, टिळक आळी ही नावे भेटतात. आळी म्हणजे दुतर्फा घरे असलेला अरुंद रस्ता. तो माणसांसाठी आणि फार तर बैलगाडीसाठी आखलेला. मोठे वाहन येथे वळत नाही. जांभा दगडाच्या चिऱ्यांच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे ओटी, आत माजघर, मागे परसात विहीर अशी जुन्या घरांची ठेवण आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात उतरते छप्पर ही गरजच होती.

टिळक आळीतील अशाच एका घरात 23 जुलै 1856 रोजी लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. गावातील नगर वाचनालयाची स्थापना तर 1828 मधील. रस्ता नव्हता, तरी ग्रंथ येत होते.

गावाच्या या दुर्गमतेचा ब्रिटिश सरकारने पुरेपूर उपयोग करून घेतला. 1885 मध्ये पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा 1886 मध्ये येथे आणला गेला. त्याच्यासाठीचा राजवाडा 1910 मध्ये उभा राहिला आणि 1916 मध्ये राजाचे रत्नागिरीतच निधन झाले. गंमत म्हणजे 1908 ते 1914 या काळात रत्नागिरीचे सुपुत्र टिळक थिबाच्या राजधानीत, मंडालेच्या तुरुंगात होते. पुढे 1924 मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांना याच जिल्ह्यात स्थानबद्ध करण्यात आले. येथील वास्तव्यात त्यांनी भागोजीशेठ कीर यांच्या आर्थिक साह्याने सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर उभारले. ते 1931 मध्ये सुरू झाले. ज्या एकांतासाठी सरकारने हे गाव निवडले, त्याच एकांतात सामाजिक सुधारणेचा हा प्रयोग झाला.

राजवाडा आणि टिळकांचे जन्मस्थान यांची देखभाल शासन करते. आळीतील सामान्य घराला असा आधार नाही. कौले शाकारणे, वासे बदलणे हा खर्च मालकाचा. मुले मुंबई-पुण्याला, भाऊबंदांत वाटण्या, अशा स्थितीत जुने घर पाडून इमारत उभारणे अनेकांना सोयीचे वाटते. त्यांना दोष देता येणार नाही. मात्र, पर्यटक केवळ स्थळे पाहून परतत राहिला, तर हे घर राखण्यात काही लाभ आहे, असे मालकाला तरी का वाटावे? आळीतून चालणारा पाहुणा तेथे चहा घेतो, कोकम-पोहे विकत घेतो, कदाचित मुक्कामाची चौकशीही करतो. घर टिकण्यास तेवढेच एक कारण मिळते.

तेव्हा रत्नागिरीला जाल तेव्हा वाहन जुन्या वस्तीबाहेर मोकळ्या जागी लावावे. सकाळी मांडवीपासून सुरुवात करावी, बाजारातून टिळक आळीकडे चालत यावे आणि राजवाडा व रत्नदुर्ग दुपारनंतर गाडीने करावेत. राहती घरे ही प्रेक्षणीय स्थळे नव्हेत. छायाचित्र घेण्यापूर्वी ओटीवरच्या आजोबांना विचारावे. बहुधा आधी तुमचीच चौकशी होईल : गाव कुठले, आडनाव काय, आणि इकडे कसे वळलात?